थेल्मा पिल्चरचा राहिलेला शिक्का

डोव्हर बंदराच्या वरच्या अंगाला जी चढाची गल्ली आहे, तिथं थेल्मा पिल्चरला कुणी वाईट म्हणणार नाही. म्हणायला काही सापडलंच नाही कुणाला. शोधलं नाही असं मात्र नव्हे. शेजारच्या पॉलीन हॉगबेननं वीसेक वर्षं खिडकीचा पडदा बोटभर बाजूला सारून कसून शोध घेतला. हाती लागलं ते एवढंच, की थेल्मा कचऱ्याचा डबा अधूनमधून एक दिवस आधीच बाहेर ठेवते, चूक लक्षात आली की चोरासारखी इकडेतिकडे बघते आणि डबा परत आत ओढते. आता एवढ्या भांडवलावर कुणाची बदनामी करायची म्हणजे पॉलीनलासुद्धा जड जायचं. तरी ती प्रयत्न करायची.

थेल्माचा नवरा रेज जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती स्वतः सत्तरीची. उमेदीचा सगळा काळ तिनं शाळेसमोरच्या रस्त्यावर काढला. शाळा भरताना आणि सुटताना पोरांना रस्ता ओलांडून द्यायचं काम. अंगात झगझगीत पिवळा कोट, हातात गोल पाटीची उंच काठी. बंदराकडे धडधडत निघालेले पोलंडचे नि स्पेनचे ट्रक त्या काठीपुढं गपकन थांबायचे. ट्रकवाले हॉर्न वाजवत, तोंडातल्या तोंडात शिव्या देत, पण हलायची कुणाची छाती नसे. काठी भिंतीला टेकवली रे टेकवली, की ही वाघीण संपली आणि गोगलगाय सुरू झाली.

चहाच्या दुकानात दुसऱ्याचा मासा हिच्यापुढं आला, तर ती तो काटे काढून खाईल. केस रंगवणाऱ्या मुलीनं एकदा तिचं डोकं वांग्यासारखं जांभळं केलं. थेल्मा आरशात बघून म्हणाली, "वा, किती वेगळं!" वर बक्षिशी दिली आणि पुढचे दोन महिने टोपी घालून हिंडली. कुणी तिच्या पायावर पाय दिला, तर माफी तीच मागणार. आपला पाय मध्ये आला म्हणून.

आणि नकार? तो तर तिच्या घशातून कधी निघालाच नाही. कुणाकडं जायचं नसेल, तर थेल्माला सर्दी होत असे. चर्चच्या सहलीला सर्दी, पॉलीनच्या भाच्याच्या गिटारवादनाला सर्दी, आते-नणदेच्या जेवणाला तर दरवर्षी हमखास. गल्लीतल्या डॉक्टरणीला वाटायचं, या बाईच्या नाकात काहीतरी जुनाट बिघाड आहे.

थोरली बहीण नॉर्मा बरोबर उलट. अर्धा खाल्लेला केक दुकानात परत नेऊन "यात मनुका कुठायत?" म्हणून भांडणारी. तीही विधवा. तीन-चार वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर पलीकडे फ्रान्सच्या किनाऱ्यावर चालायला म्हणून गेली, आणि विसां नावाच्या छोट्याशा गावात बाझील देलात्र नावाच्या निवृत्त कोळ्यानं तिला बोटीला रंग देता देता हटकलं. रंग ओला आहे, हात लावू नका म्हणाला. नॉर्मानं लावलाच. तिथून जे सुरू झालं ते तिच्या तिकडे राहायला जाण्यापर्यंत गेलं. इकडचं घर विकलं, तिकडचे राहण्याचे कागद केले. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मात्र बाई बाहेर पडली नाही. समुद्र ओलांडला म्हणून काय लोकांच्या भानगडी वाचायच्या सोडायच्या?

तर एप्रिलमध्ये नॉर्माचा फोन आला.

"थेल्मा, लग्न करतेय मी."

"कुणाशी?"

"पोपशी. अगं बाझीलशी, आणखी कुणाशी!"

"पण नॉर्मा... या वयात?"

फोनवर समुद्राएवढं अंतर पसरलं. थेल्मानं घाईघाईनं वर लिंपण घातलं, "म्हणजे, किती छान! खरंच छान. फारच छान."

"तीनदा म्हणालीस," नॉर्मा म्हणाली. "ऐक. जूनमधला शेवटचा शनिवार, दुपारी तीनला, गावच्या नगरपालिकेत. साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलंय. मनात असेल तर ये. नसेल तर नसेल म्हण, मी काही मरत नाही. पण त्या दिवशी तुला सर्दी झाली, तर मी काय समजायचं ते समजेन. आणि मग परत फोन करणार नाही."

नॉर्मा बोलली की करते, हे थेल्माला लहानपणापासून माहीत. तिनं फोन ठेवला. खरं सांगायचं तर बाझील तिला आवडला होता. पण "आवडला" असं ती सगळ्यालाच म्हणत आल्यामुळं, आता हे खरोखरचं आवडणं कुठल्या वेगळ्या शब्दात सांगायचं, हे तिला उमजेना. म्हणजे जाऊन उभं राहणं हाच एक मार्ग.

तिनं तयारी मात्र नेटकी केली. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला आहे ना, परत आल्यावरही तीन महिने शिल्लक उरतात ना, परतीचं तिकीट, विमा, राहण्याचा पत्ता, सगळं. पॉलीन चहाला आली की टेबलावरचा पसारा बघून म्हणायची, "काय हे! पूर्वी शनिवारी उठायचं, पलीकडे जाऊन वाइन आणायची, संध्याकाळी घरी. पासपोर्ट नुसता दाखवायचा, जीभ दाखवावी तसा. आता बघ. तूच दिलं असशील मत युरोपातून बाहेर पडायला."

थेल्मानं कुणाला मत दिलं, ते रेजला जिवंतपणी कळलं नव्हतं. पॉलीनला कुठून कळणार! थेल्मा म्हणाली, "आणखी एक बिस्किट घे."

एक गोष्ट मात्र तिनं पॉलीनला सांगितली नाही. गेल्या सप्टेंबरात ती नॉर्माकडे चार दिवस जाऊन आली होती. जाताना फ्रान्सच्या पोलिसानं पासपोर्टवर आत आल्याचा शिक्का मारला. परतताना कॅलेला, म्हणजे पलीकडच्या बंदरात, बाहेर पडल्याचा शिक्का मारायचा असतो. खिडकीतला माणूस शेजारच्याशी काहीतरी रंगून बोलत होता. त्यानं पासपोर्ट उघडला, मिटला, परत सरकवला आणि हातानं 'चला' केलं. शिक्का नाही. थेल्माला नियम माहीत होता. तिनं तोंड उघडलंही. पण मागं रडतं लेकरू घेऊन एक बाई उभी होती, रांग दारापर्यंत गेलेली, आणि खिडकीतला माणूस हसत होता. हसणाऱ्या माणसाला कामाला कशाला लावायचं? उगाच कशाला त्रास! तिनं उघडलेल्या तोंडाचा उपयोग "थँक्यू" म्हणायला केला आणि पुढं गेली.

जुन्या लोकांनी म्हणून ठेवलंय, भीड ही भिकेची बहीण. पण त्या जुन्या लोकांना डोव्हरची माणसं ठाऊक नव्हती. आमच्याकडे भीड हीच घरची कर्ती बाई.

लग्नाच्या शनिवारी पॉलीननं तिला आपल्या डबड्या गाडीतून बंदरावर सोडलं. थेल्मानं निळा ड्रेस घातलेला, टोपी डब्यात. वाटेत गाडीतच ती चीज आणि लोणच्याचं सँडविच भराभर खाऊ लागली.

"अगं, बोटीत खा की. बकाबका काय खातेस?"

"चीज न्यायला बंदी आहे तिकडे. हॅमलाही."

"आणि पोटात नेलेलं चालतं?"

"पोटाबद्दल काही लिहिलेलं नाही. मी बघितलं."

"मी इथं हॉलमध्येच बसते," पॉलीन म्हणाली. "चहा घेते. जहाज हललं की जाईन." तिला निरोप द्यायचा होता असं नव्हे. बंदरात बसून कोण कुणाबरोबर कुठं चाललंय ते बघायला पैसे पडत नाहीत.

फ्रान्सचे पोलीस डोव्हरातच बसतात. तपासणी इथं होते आणि पलीकडे नुसतं उतरायचं, त्यामुळं फ्रान्स आमच्याकडे बंदरातल्या एका काचेच्या खिडकीपाशी सुरू होतं. त्या दिवशी खिडकीत पिंगट मिशांचा, शांत चेहऱ्याचा अधिकारी होता. त्यानं थेल्माचा पासपोर्ट पानापानानं चाळला. पुढून मागं, मग मागून पुढं.

"मादाम, फ्रान्समध्ये कधी आलात?"

"अजून आले नाही. आत्ता निघालेय."

"यावरून तुम्ही सप्टेंबरात आलात." त्यानं शिक्क्यावर बोट ठेवलं. "आणि अजून गेलेल्या नाहीत."

थेल्मानं मागं वळून खिडकीबाहेर पाहिलं. पांढरे कडे जागेवर होते. वर किल्ला होता. कठड्यावर एक सीगल कुणाचे तरी चिप्स खात होता.

"तो आमचा किल्ला," ती म्हणाली.

"दिसतोय मला."

"म्हणजे मी डोव्हरमध्ये आहे."

"तुम्ही इथं उभ्या आहात, ते मला दिसतं मादाम. पण कागदावर तुम्ही फ्रान्समध्ये आहात. सहा महिन्यांत नव्वद दिवसांच्या वर राहता येत नाही. तुम्ही नऊ महिने राहिलात."

"तिथं?"

"तिथं."

"इथूनच?"

अधिकाऱ्याच्या मिशा जरा हलल्या, पण लगेच जागेवर आल्या. "बाहेर पडताना शिक्का का नाही मारून घेतलात?"

"ते साहेब कामात होते."

"तेच तर त्याचं काम!" त्यानं सुस्कारा सोडला. "गेल्या वेळचं परतीचं तिकीट?"

"ते मी उतरल्याबरोबर कचऱ्याच्या डब्यात टाकलं," थेल्मा थोड्या अभिमानानं म्हणाली. "रस्त्यावर कुठं टाकायचं?"

"मग दुसरा काही पुरावा द्यावा लागेल. एवढे महिने तुम्ही आपल्या घरी होतात याचा. नाहीतर मी तुम्हाला आत सोडू शकत नाही."

इथं दुसरी कुणीही बाई असती तर खिडकीवर कोपर टेकून बसली असती. नॉर्मा असती तर काउंटरवर चढली असती. थेल्माच्या मागं रांगेत कुणीतरी खोकलं. बस्स, तेवढंच पुरलं.

"माफ करा हं," ती म्हणाली. "तुम्हाला उगाच त्रास झाला."

"मादाम, मी अजून काही ठरवलेलं नाही..."

पण मादाम गेलीसुद्धा होती. वाटेत खोकणाऱ्या माणसाचीही तिनं माफी मागितली.

हॉलमध्ये पॉलीन पावात बेकन घालून खात बसली होती. थेल्माला टोपीच्या डब्यासकट परत येताना बघून तिनं घास तसाच गालात धरला. थेल्मानं सगळं सांगितलं. सप्टेंबरचंही. पॉलीनला एवढं मोठं गुपित शेजारच्या घरात नऊ महिने राहिल्याचाच आधी धक्का बसला.

"नॉर्माला फोन कर," ती म्हणाली.

थेल्मानं केला. "नॉर्मा, मी बंदरात अडकलेय. ते सोडत नाहीत. त्यांच्या मते मी आधीपासूनच फ्रान्समध्ये आहे."

 नॉर्मा हळू बोलली, आणि नॉर्मा हळू बोलली की समजावं, लागलंय.

"थेल्मा, तुझ्या कितीतरी थापा ऐकल्या मी. ही मात्र नवीन आहे. याच्यापेक्षा सर्दी बरी होती गं."

फोन बंद झाला.

थेल्मा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. आयुष्यभर बारीकसारीक खोटं बोलून लोकांची मनं राखली, आणि आज खरं सांगायची वेळ आली तर खऱ्याला गिऱ्हाईक नाही. तिनं टोपीचा डबा मांडीवर घेतला आणि त्याच्या दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"घरी चल," ती पॉलीनला म्हणाली.

"घरी चल काय? पुरावा मागतोय ना तो?"

"मी घरात होते याचा कसला आलाय पुरावा! घरात असलेल्या माणसाकडं कोण बघतं?"

पॉलीननं तोंड पुसलं. तिच्या डोळ्यांत अशी चमक आली, जशी नाटकात मोठी भूमिका मिळालेल्या हौशी नटाच्या डोळ्यांत येते. "थेल्मा, राणी," ती म्हणाली, "तू नोव्हेंबरात किती वेळा शिंकलीस तेसुद्धा मी सांगू शकते."

तिनं फोन काढला आणि बोटानं सरकवत सरकवत दाखवायला लागली. नोव्हेंबर: दव पडलेल्या गल्लीत नाइटगाऊनवर कचऱ्याचा डबा ओढणारी थेल्मा. डिसेंबर: बोल्सच्या, म्हणजे गवतावर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, क्लबातल्या नाताळच्या जेवणात डोक्यावर कागदी मुकुट, तोंड उघडं, गाढ झोपलेली थेल्मा. जानेवारी: खिडकीत उभी राहून रेजच्या फोटोशी बोलणारी थेल्मा. मार्च: हात प्लास्टरमध्ये, प्लास्टरवर पॉलीनच्या ओठांचा लाल ठसा. मे: फुलांच्या प्रदर्शनात दुसऱ्या नंबरच्या, तिच्या बागेतल्या रूबार्बच्या आंबट दांड्या हातात धरलेली थेल्मा.

थेल्मा जानेवारीपाशी थांबली. "हा तू कुठून काढलास?"

"आमच्या माळ्यावरून."

"थेट माझ्या घरातला?"

"उजेड फार सुरेख पडला होता गं."

थेल्माला रागवावंसं वाटलं, पण ते कसं करतात याची सवय नव्हती. तिनं दोनदा श्वास घेतला. "आणि हे मी त्या मिशाळ माणसाला दाखवू? या नाइटगाऊनमधली मी?"

"नको दाखवूस," पॉलीन म्हणाली. "नॉर्माला कळव, सर्दी झाली."

हे बोलणं पॉलीननं मुद्दाम केलं की सहज, ते ती अजून कुणाला सांगत नाही. पण ते लागलं. थेल्मा उठली. टोपीचा डबा काखेत मारला.

"पाठव मला ते सगळे," ती म्हणाली. "जानेवारीचा सोडून."

ती परत आत गेली. आणि आत गेल्यावर काय केलं असेल? रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. लग्नाचं जहाज चुकत होतं, बहीण तुटत होती, पण मध्ये घुसणं म्हणजे आमच्याकडे खुनाच्या खालोखालचा गुन्हा. हातातला फोन टुंग टुंग करत एकेक फोटो गिळत होता.

"परत आलात," अधिकारी म्हणाला.

"हो." थेल्मानं टोपीचा डबा काउंटरवर ठेवला. मग ते वाक्य बोलली, जे तिच्या तोंडून या जन्मी कुणी ऐकलं नव्हतं. "मला तुम्हाला त्रास द्यायचाय."

"द्या की," तो म्हणाला. "त्यासाठीच बसलोय."

तिनं फोटो दाखवले. नाइटगाऊनचा दाखवताना डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्यानं प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला, तारखा पाहिल्या.

"हे कुणी काढले?"

"शेजारीण आहे माझी."

"रोज काढते?"

"तिला छंद आहे."

"आमच्या गावातही अशी एक आहे," तो म्हणाला, आणि मग पुन्हा अधिकारी झाला. "पण मादाम, नुसते फोटो म्हणजे काय, कुणीही तारखा बदलू शकतं. तुमचं नाव आणि तारीख असलेलं, दुसऱ्या कुणी पाठवलेलं असं काही?"

थेल्मा फोन उलटसुलट करू लागली. मागची रांग चुळबुळायला लागली. एक घोगरा आवाज म्हणाला, "आज तरी हलणार का हे?"

थेल्मा वळली. जुन्या सवयीची गंमत असते. काठी नसली तरी हात तिची उंची विसरत नाही. तिचा तळवा आपोआप वर गेला.

"थांबा," ती म्हणाली.

रांग थांबली. घोगरा आवाज जिथं होता तिथं एक दांडगा ट्रकवाल्यासारखा गडी शहाण्या पोरासारखा बुटांकडे बघत उभा राहिला.

आणि हात तसा वर असतानाच थेल्माला तो हात दिसला. मनगट! मार्चमध्ये ओल्या पायरीवरून घसरून मोडलेलं मनगट. कँटरबरीच्या हॉस्पिटलातून निरोपावर निरोप आले होते: अमुक दिवशी या, एक्स-रे आहे, तमुक दिवशी प्लास्टर काढायचंय. निरोप पुसायचे कसे ते थेल्माला येत नव्हतं, म्हणून सगळे फोनमध्ये जसेच्या तसे होते, नावासकट. तिनं ते काढून दिले आणि बाही वर करून मनगटही काचेला लावलं.

अधिकाऱ्यानं आतल्या खोलीतून आपल्या वरच्या बाईला बोलावलं. चष्मा लावलेली, करड्या केसांची बाई. तिनं निरोप वाचले, प्लास्टरचा फोटो पाहिला, मनगट पाहिलं. मग तिचं बोट चुकून मागं सरकलं आणि नोव्हेंबर उघडला. दोघं एकमेकांशी फ्रेंचमध्ये हळू काहीतरी बोलली. बाई ओठ घट्ट मिटून आत निघून गेली आणि दार लागल्यावर तिचं हसू बाहेर ऐकू आलं.

"त्या काय म्हणाल्या?" थेल्मानं विचारलं. एवढं धाडस झालंच होतं तर आणखी थोडं.

"म्हणाल्या, असा नाइटगाऊन घालून फ्रान्समध्ये नऊ महिने कुणी राहिलं असतं, तर पोलिसांना कळल्याशिवाय राहिलं नसतं."

त्यानं पासपोर्टात पेनानं काहीतरी लिहिलं, सही केली आणि शिक्का उचलून दाणकन मारला. "आणि परत जाताना, मादाम..."

"मागून घेईन," थेल्मा म्हणाली.

तिचं जहाज गेलेलं होतं. पुढचं मिळालं. डेकवर वाऱ्यात उभी राहून ती हिशोब करत होती. घड्याळ पलीकडे एक तास पुढं, नगरपालिका तीनला, आणि नॉर्मानं फोन बंद करून ठेवलेला. तिला वाटलं, पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल, लोक पांगलेले असतील, आणि नॉर्मा तिच्याकडे अशी बघेल जशी अनोळखी प्रवाशाकडं बघतात. तरी जायचं, असं तिनं ठरवलं. दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, मी आले होते.

कॅलेहून टॅक्सी करून ती विसांला उतरली तेव्हा तीन कधीच वाजून गेले होते. नगरपालिकेच्या पायऱ्यांवर पंधरावीस माणसं घोळका करून उभी. मध्ये हिरव्या ड्रेसमध्ये नॉर्मा, शेजारी कोटात कोंबलेला बाझील, आणि सगळ्यांची डोकी एका फोनवर झुकलेली. गळ्यात तिरंगी पट्टा घातलेले उपमहापौरसुद्धा मान लांब करून बघत होते.

नॉर्मानं वर पाहिलं. "नाइटगाऊन फिकट निळा आहे होय गं तुझा?"

थेल्माला क्षणभर कळेना. मग सगळं कळलं. पॉलीननं फोटो तिला एकटीला पाठवले नव्हते. घाईत म्हणा, हौसेनं म्हणा, सगळे गल्लीच्या ग्रुपवर टाकले होते, आणि खाली चालू वर्णन: 'थेल्माला सीमेवर अडवलं. परत आत गेली. आतून आलेला माणूस सांगतो, निळ्या ड्रेसमधली बाई पोलिसाशी भांडतेय. रांग थांबवलीन म्हणे. पुन्हा सांगते, आपली थेल्मा.'

"जानेवारीचापण टाकला तिनं?" थेल्मानं बारीक आवाजात विचारलं.

"टाकला." नॉर्मानं फोन बाझीलच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरून खाली आली. "रेजशी काय बोलत होतीस गं?"

"नळ गळतोय म्हणून सांगत होते."

नॉर्मानं तिची टोपी डब्यातून काढली आणि तिच्या डोक्यावर घालून नीट केली. "हे साहेब म्हणाले, दुसरी साक्षीदार घ्या, पोस्टातली बाई रिकामी आहे. मी घेतच होते. पेन हातात दिलेलं तिच्या. तेवढ्यात फोन चालू केला एकदा बघायला, आणि हे. मी म्हटलं, थेल्मा पोलिसाशी भांडतेय? मग लग्न काय, संध्याकाळपर्यंतही थांबेन. सांग, काय बोललीस त्याला?"

"म्हटलं, मला तुम्हाला त्रास द्यायचाय."

नॉर्मा एवढ्या मोठ्यानं हसली, की उपमहापौरांनी घड्याळ बघायचं सोडून दिलं.

सह्या झाल्या. टाळ्या झाल्या. मग सगळे बाझीलच्या पुतणीच्या खानावळीत जेवायला बसले. थेल्मापुढं एक खोलगट ताटली आली, आत बिअरमध्ये वितळवलेलं चीज उकळतंय, खाली पाव नि हॅम, वर अंडं. तिकडच्या लोकांची समजूत अशी, की हा इंग्लंडचा आवडता पदार्थ. थेल्मा पहिल्यांदा आली तेव्हा "अप्रतिम" म्हणाली होती, आणि तेव्हापासून प्रत्येक भेटीत, प्रत्येक रात्री, बाझील तिच्यासाठी हाच करवून घेत असे आणि सोबत म्हणून स्वतःही खात असे.

"कसं झालंय?" बाझीलनं मिशीला लागलेली चीजची तार पुसत विचारलं. तेवढं इंग्रजी त्याला येत होतं.

थेल्मानं काटा खाली ठेवला. "बाझील," ती म्हणाली, "मला हे कधीच आवडलं नाही. पोटात दगड बसतो."

 बाझील नॉर्माकडे वळला. नॉर्मानं, जिनं आयुष्यात कुणाची भीड धरली नाही तिनं, एकदा थेल्माकडं पाहिलं आणि मग शब्दन्‌शब्द तसाच्या तसा त्याला सांगितला.

बाझीलनं आपली ताटली दोन्ही हातांनी पुढं ढकलली. "देवा!" तो फ्रेंचमध्ये ओरडला, आणि याचा अर्थ नॉर्माला सांगावा लागला नाही. मग तो बरंच काही बोलला. नॉर्माचे डोळे हसून पाणावले. "म्हणतो, त्यालाही हे लहानपणापासून आवडत नाही. तुझ्यासाठी खात होता. तुला वाईट वाटेल म्हणून."

पुतणीनं दोन्ही ताटल्या उचलल्या आणि शिंपल्यांचं मोठं पातेलं आणून ठेवलं. थेल्मानं पहिला शिंपला उघडला.

"बरं, आता सुटलीच आहेस तर," नॉर्मा तिच्या कानाशी लागून म्हणाली, "याच्याबद्दलही सांगून टाक. बाझील कसा वाटतो तुला? सरळ सांग. मी रडणार नाही."

थेल्मानं पलीकडे नीट पाहिलं. बाझील कोटाच्या बाहीनं टेबलावरचा रस्सा पुसत होता.

"मिशी कापायला हवी त्यानं," ती विचार करून म्हणाली. "कोट फार तंग आहे. आणि हातरुमाल वापरत नाही तो." मग तिनं आणखी एक शिंपला घेतला. "बाकी, मला तो आवडतो."

 नॉर्मानं पातेलं जवळ ओढलं आणि त्यातले मोठे मोठे शिंपले वेचून बहिणीच्या ताटात टाकायला लागली.